वैमानिक प्रशिक्षणाचा अर्ज : आकांक्षा, पात्रता आणि व्यवहार

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मनोर येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा लिखित पाठ)



कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा हा कृतज्ञतेचा असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. पन्नास वर्षांपूर्वी मनोर, पालघर आणि बोईसर या परिसरातील व्यापारी घरांत मुलाच्या भवितव्याची चर्चा फार वेळ चालत नसे. शिक्षण संपले की मुलगा पेढीवर बसे. पुढील पिढीत वाणिज्य शाखेची पदवी आली, सनदी लेखापाल आले, डॉक्टर आणि अभियंते झाले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने अनेकांना कारखानदार केले. आता तिसऱ्या-चौथ्या पिढीतील मुले आणि मुली एका वेगळ्याच क्षेत्राकडे पाहू लागली आहेत. बारावीच्या निकालानंतर ज्या घरात पूर्वी “कोणत्या महाविद्यालयात जाणार?” असे विचारले जाई, त्या घरात आज “विमान कंपनीच्या प्रशिक्षण योजनेत अर्ज करावा का?” असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाचे सांगोपांग उत्तर देण्याचा प्रयत्न करणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आपले गाव मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर आहे. या मार्गावरील वाहनांची वर्दळ आपल्या परिचयाची. परंतु डोक्यावरूनही असाच एक मार्ग जातो, हे क्वचितच लक्षात येते. उत्तरेकडून मुंबईस येणारी विमाने उंची कमी करीत याच पट्ट्यावरून जातात. वैमानिक त्यासाठी एक साधा तोंडी हिशेब वापरतात. जितके हजार फूट खाली यायचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरण्यास आरंभ करावयाचा. तीस हजार फुटांवरील विमानाने नव्वद सागरी मैल, म्हणजे सुमारे 167 किलोमीटर आधीच उतरू लागले पाहिजे. मनोर हे मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत साधारण 38 सागरी मैलांवर आहे. सरळ उतरत येणारे विमान आपल्या गावावर असताना ढोबळ मानाने बारा-तेरा हजार फुटांवर असणार, हे उत्तर गल्ल्यावर बसलेला कोणीही कागद-पेन्सिलीविना काढू शकेल. वैमानिक होण्यासाठी लागणारी बुद्धी अलौकिक नसते. ती तत्पर आणि बिनचूक असावी लागते, एवढेच यातून सांगावयाचे आहे.

भारतीय विमानविद्येचा प्रारंभही आपल्यापासून दूर झालेला नाही. 1928 मध्ये मुंबईत जुहूची धावपट्टी आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब यांचा उदय झाला. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन स्वतः विमान चालवीत जुहू गाठले. अहमदाबाद ते मुंबई ही सरळ रेषा याच किनारपट्टीवरून जाते. पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला.

टाटांच्या चरित्रातील 1930 सालचा एक प्रसंग स्पर्धेच्या संदर्भात विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. टाटा कराचीहून निघाले आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग आपल्या प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. पुढे अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले. तेच अस्पी इंजिनियर 1960 मध्ये भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. पारितोषिक गेले म्हणून टाटांचे काय उणे झाले? स्पर्धेत भाग घेणाऱ्याची योग्यता निकालाच्या यादीवरून जशी ठरते, तशी ती वाटेतील वर्तनावरूनही ठरते.

आता मूळ विषयाकडे वळू. विमान कंपन्यांची कॅडेट पायलट योजना म्हणजे नेमके काय? इंग्लंडमध्ये 1960 मध्ये हॅम्बल येथे तेथील दोन सरकारी विमान महामंडळांसाठी वैमानिक घडविणारे महाविद्यालय सुरू झाले. जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीने त्यापूर्वीच, 1956 मध्ये, ब्रेमेन येथे आपली शाळा काढली. कोरा तरुण निवडावयाचा, त्याला प्रथमपासून आपल्या शिस्तीत शिकवावयाचे आणि नंतर आपल्याच सेवेत घ्यावयाचे, ही त्यामागील कल्पना. सिंगापूर एअरलाइन्स आजही प्रशिक्षणाचा खर्च करते आणि त्याच्या बदल्यात काही वर्षांच्या सेवेचे बंधपत्र लिहून घेते. ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये खर्च स्वतः उचलणारी योजना पुन्हा जाहीर केली, तेव्हा अगदी मोजक्या जागांसाठी हजारो अर्ज आले. जेथे शुल्क नाही, तेथे रांग लांबच असणार.

भारतातील योजनांचे स्वरूप मात्र बहुतांशी वेगळे आहे, आणि येथेच पालकांची गल्लत होते. जाहिरातीत विमान कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. त्यामुळे खर्चही कंपनीच करणार, असा समज होतो. वस्तुस्थिती अशी की इंडिगोसारख्या कंपन्यांच्या योजनांत कंपनी उमेदवाराची निवड करते, ठरावीक प्रशिक्षण संस्थांशी त्याची सांगड घालते आणि सर्व टप्पे उत्तीर्ण झाल्यास नोकरी देण्याचा सशर्त मानस व्यक्त करते. शुल्क उमेदवाराने भरावयाचे असते. ते आज ढोबळ मानाने एक कोटी रुपयांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक जाते. म्हणजे कंपनी आपले नाव देते आणि जोखीम कुटुंब घेते. हा व्यवहार वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु तो आहे तसा समजून घेतला पाहिजे. ताग्याचे टोक पाहून संपूर्ण मालाचा सौदा कोणताही जाणता व्यापारी करीत नाही.

या योजनेखेरीज अन्य मार्गही आहेत. उत्तर प्रदेशातील रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. 1985 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून विद्यार्थी घेतात. आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी, बारामती, शिरपूर आणि धुळे येथे प्रशिक्षणाची सोय झालेली आहे. जुहूला जन्मलेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण आता धुळ्यास चालते. अमरावतीजवळ बेलोरा येथे दरवर्षी 180 वैमानिक घडविण्याच्या क्षमतेची अकादमी उभारण्याचे एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केले. तेथील विमानतळाचे उद्घाटन एप्रिल 2025 मध्ये झाले. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त घटकांतील मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबविली आहे. आपल्या परिसरातील कोणत्याही समाजाच्या होतकरू मुलापर्यंत ही माहिती पोहोचविणे, हेही पुण्याचेच काम होय.

स्वतंत्रपणे परवाना मिळविण्याचा खर्च कॅडेट योजनेपेक्षा कमी येतो. परंतु पुढे नोकरी स्वतः शोधावी लागते आणि विशिष्ट जातीचे विमान चालविण्याचे प्रशिक्षण वेगळे पैसे भरून घ्यावे लागते. कॅडेट योजनेत खर्च अधिक, पण मार्ग आखलेला असतो. कोणता मार्ग चांगला, याचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. घराची ऐपत आणि मुलाची तयारी या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

अर्ज करण्यापूर्वीची पात्रता पाहू. उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा आणि त्यास भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावेत, असा नियम अनेक वर्षे चालत आला. कंपन्या या विषयांत आणि इंग्रजीत ठरावीक टक्केवारीही मागतात. आपल्याकडील बहुसंख्य मुले दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळतात आणि एकोणिसाव्या वर्षी वैमानिक होण्याची इच्छा प्रकट करतात. तेव्हा हे दार बंद असल्याचे त्यांना कळते. अशा अनेकांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय नंतर उत्तीर्ण करून मार्ग काढला आहे. ही अट शिथिल करून इतर शाखांनाही प्रवेश द्यावा, असा विचार 2025 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पातळीवर झाला. तथापि विचार म्हणजे नियम नव्हे. अर्ज भरतेवेळी प्रत्यक्ष लागू असलेला नियम वाचूनच पुढे जावे. आणि नियम बदलला, तरी भौतिकशास्त्राची गरज काही टळत नाही. पंखाला उचल कशी मिळते हे जाणल्याखेरीज विमान चालविता येणार नाही.

दुसरी पात्रता आरोग्याची. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. प्रथम महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी होते आणि त्यानंतर अधिक कडक अशी प्रथम श्रेणीची तपासणी. ही दुसरी तपासणी वायुसेनेच्या वैद्यकीय केंद्रांत किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयांत केली जाते. चष्मा असला म्हणजे सर्व संपले, हा समज चुकीचा आहे. ठरावीक मर्यादेत चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असल्यास अडचण येत नाही. मात्र रंगांधत्व हा मोठा अडसर ठरतो, आणि अनेकांना तो असल्याचे ठाऊकच नसते. कापडाच्या दुकानात हिरवा-तपकिरी ओळखताना जो मुलगा घोटाळतो, त्याची आधी तपासणी करावी. शुल्काचा पहिला हप्ता भरून मागाहून वैद्यकीय तपासणीस जाणे, म्हणजे मालाची पारख करण्यापूर्वी हुंडी लिहून देणे होय.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. ती क्षुल्लक वाटते, पण अनेकांचे महिने खाते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि पारपत्र यांतील नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. कोठे वडिलांचे नाव मधे, कोठे आडनाव आधी, कोठे गावाच्या नावावरून पडलेले आडनाव, असा प्रकार आपल्या भागात सर्रास आढळतो. परीक्षेसाठी महासंचालनालयाकडून क्रमांक घेताना शिक्षण मंडळाकडील पडताळणीही लागते. बारावीच्या सुट्टीत हे काम उरकून घेतले, तर पुढे धावपळ होत नाही.

यानंतर स्पर्धा सुरू होते. निवडीच्या पायऱ्या कंपनीगणिक थोड्या बदलतात, परंतु त्यांचा गाभा समान असतो. आधी गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी आणि तर्कशक्ती यांची लेखी परीक्षा होते. मग संगणकावर कल चाचणी होते. पडद्यावर एक ठिपका हाताने मध्यभागी धरून ठेवावयाचा, त्याच वेळी कानावर पडणारे आकडे ध्यानात ठेवावयाचे आणि कोपऱ्यात दिवा लागला की कळ दाबावयाची, अशा स्वरूपाची ही कसोटी असते. त्यानंतर गटचर्चा, मानसशास्त्रीय प्रश्नावली आणि अखेरीस मुलाखत. लेखी परीक्षा पाठांतराने सुटत नाही आणि कल चाचणी शिफारशीने सुटत नाही. रोज अर्धा तास तोंडी गणित आणि इंग्रजी वृत्तपत्राचे मोठ्याने वाचन, ही तयारी मनोरमध्ये बसूनही करता येते. वर्षभर केल्यास तिचा उपयोग होतो. अखेरच्या महिन्यात मुंबईस जाऊन महागडा शिकवणी वर्ग लावल्याने ती उणीव भरून निघत नाही.

गटचर्चेविषयी एक सूचना. व्यापारी घरातील मुलांना बोलण्याची सवय असते, परंतु ऐकून घेण्याची तितकीशी नसते. परीक्षक येथे वक्ता शोधत नसतात. विमानकक्षात दुसऱ्याचे म्हणणे ऐकून, आपली चूक मान्य करून निर्णय घेणारा सहकारी ते शोधत असतात. मुलाखतीत “वैमानिक का व्हायचे आहे?” हा प्रश्न हमखास येतो. पगार, गणवेश आणि देशोदेशीचा प्रवास या उत्तरांवर तेथे कोणी भाळत नाही. रात्री दोन वाजता उठून पावसात कामावर जाणे, सणासुदीला घरी नसणे आणि दर काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा देणे हे ज्याला ठाऊक असूनही हवे आहे, त्याचे उत्तर निराळे असते.

बिनचूकपणाचे महत्त्व पटवून देणारी एक घटना व्यापाऱ्यांच्या विशेष लक्षात राहील अशी आहे. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानातील इंधन भर आकाशात संपले. त्या देशात त्या सुमारास पौंड जाऊन किलोग्रॅम येत होता. इंधनाचे वजन काढताना लीटरला पौंडाचा गुणक वापरला गेला आणि उत्तर किलोग्रॅमचे मानले गेले. परिणामी आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले. वैमानिकांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले ते विमान तरंगत आणून गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले आणि सर्व 69 जण वाचले. आपल्याकडे वार जाऊन मीटर आला, तेव्हा मापातील चूक फार तर चार पैशांचा तोटा करून गेली. येथे मापातील चूक प्राणांवर बेतते.

निवड झाल्यावरही वाट लांब आहे. व्यावसायिक परवान्यासाठी वय अठरा पूर्ण असावे लागते आणि किमान 200 तासांचे उड्डाण करावे लागते. त्यांत 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, 20 तास दूरच्या प्रवासाचे आणि पाच तास रात्रीचे अशी विभागणी आहे. हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमान नियम आणि तांत्रिक ज्ञान या विषयांत किमान 70 टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओवरून बोलण्याचा वेगळा परवाना लागतो. मग एअरबस 320 सारख्या विमानाचे आभासी यंत्रावरील प्रशिक्षण, त्यानंतर सहवैमानिकाचे पद आणि 1,500 तासांनंतर पुढील श्रेणीचा परवाना. कप्तानाच्या खांद्यावरील चार पट्टे या सर्वांच्या शेवटी येतात. ही वाट जवळ करण्यासाठी काहींनी बनावट गुणपत्रिका जोडल्याची प्रकरणे 2011 मध्ये उघडकीस आली आणि अटकाही झाल्या. खोट्या मापाने माल विकणारा ग्राहक गमावतो. खोट्या गुणांवर विमान उडविणारा शेकडो कुटुंबांचा विश्वासघात करतो.

आता हिशेबाची बाजू. एक कोटी रुपये दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 1,32,000 रुपये येतो. दहा वर्षांत मिळून जवळजवळ 1 कोटी 58 लाख रुपये फेडावे लागतात. हा हप्ता नोकरी लागल्यावर सुरू होतो असे गृहीत धरले, तरी व्याज थांबलेले नसते. पूर्ण रक्कम उचलल्यावर नोकरीविना जाणाऱ्या प्रत्येक महिन्यास सुमारे 83,000 रुपये व्याज चढते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका सर्वसाधारणपणे स्थावर तारण मागतात. म्हणजे राहते घर किंवा चालते दुकान गहाण पडते. जैन समाजास 2014 मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि त्या अनुषंगाने अल्पसंख्याक वित्त महामंडळांच्या शैक्षणिक कर्जांचा लाभ घेता येतो. परंतु त्या कर्जांची मर्यादा या खर्चाच्या बरीच खाली राहते. त्यांचा आधार जरूर घ्यावा, पण त्यावर संपूर्ण योजना उभी करू नये.

विमान व्यवसायाच्या चढ-उतारांचा इतिहासही डोळ्यांआड करता येत नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली. 1993 मध्ये सुरू झालेली जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी जमिनीवर आली. गो फर्स्टने मे 2023 मध्ये उड्डाणे बंद केली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिकांचा लोंढा बाजारात आला आणि नुकताच परवाना मिळविलेला तरुण रांगेत आणखी मागे गेला. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500 विमानांची मागणी नोंदविली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि पुरेसे मनुष्यबळ नसल्यास काय होते, हे डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा देशाने पाहिले. दीर्घकाळात मागणी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या वर्षी आपल्या मुलाच्या हाती परवाना पडेल, त्याच वर्षी ती असेल असे नाही. बाजार चांगला आहे म्हणून घरातील सर्व भांडवल एकाच मालात घालू नये, हा नियम येथेही लागू आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात मागावीत. परवाना मिळूनही कंपनीने सेवेत घेतले नाही, तर काय? प्रशिक्षण मध्येच सोडावे लागल्यास भरलेल्या रकमेपैकी किती परत मिळणार? ठरलेल्या मुदतीत विमानांअभावी अथवा हवामानामुळे उड्डाणाचे तास पूर्ण झाले नाहीत, तर जादा खर्च कोणाचा? शुल्क डॉलरमध्ये असल्यास विनिमय दरातील वाढ कोण सोसणार? बंधपत्र किती वर्षांचे? प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता पुढे गमावल्यास विमा आहे काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. दहा हजारांच्या मालासाठी चार वेळा बिल तपासणारे वडील एक कोटीच्या करारावर मुलाच्या आनंदाखातर न वाचता सही करतात, हे योग्य नाही.

पालकांच्या मनातील भीतीचाही आदरपूर्वक विचार व्हावयास हवा. 12 जून 2025 रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विमान अपघातानंतर अनेक मातांनी आपल्या मुलांना या मार्गापासून परावृत्त केले असेल, तर ते स्वाभाविक आहे. प्रत्येक अपघाताची चौकशी होते, तिच्यातून नवे नियम येतात आणि विमान प्रवास अधिकाधिक सुरक्षित होत जातो, हा शंभर वर्षांचा अनुभव आहे. आपल्या महामार्गावर रोज जे घडते ते पाहता, रस्ता सुरक्षित आणि आकाश धोक्याचे असे म्हणता येणार नाही.

मुलींविषयी वेगळे सांगणे खरे म्हणजे अनावश्यक असावे. पण अद्याप ते आवश्यक आहे. नोव्हेंबर 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह इंडियन एअरलाइन्सचे कोलकाता-सिल्चर विमान नेले, तेव्हा त्यातील सर्व कर्मचारी महिला होत्या. 1 जानेवारी 1990 रोजी निवेदिता भसीन वयाच्या सव्विसाव्या वर्षी जेट विमानाच्या कप्तान झाल्या. आज भारतातील महिला वैमानिकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास असून ते जगाच्या सरासरीच्या सुमारे तिप्पट आहे. लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून मुलीने परवाना मागितला, तर घरात किमान बसून विचार व्हावा.

आणि निवड झाली नाही तर? स्पर्धेच्या स्वरूपावरूनच स्पष्ट आहे की अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांची निवड होणार नाही. त्यांत मेहनती आणि हुशार मुलेही असतील. समाजाच्या समारंभांत “काय झाले त्या विमानाचे?” असे चारचौघांत विचारण्याची आपली पद्धत त्या मुलाला किती जाचत असेल, याचा विचार मोठ्यांनी करावा. अर्जासोबत दुसरा मार्ग आखलेला असावा. विज्ञान शाखेची पदवी चालू ठेवावी. विमान दुरुस्ती अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, हवामानशास्त्रज्ञ, विमानतळ व्यवस्थापन हीही याच क्षेत्रातील सन्माननीय कामे आहेत. एकेका विमानामागे जमिनीवर कितीतरी हात राबत असतात.

अखेरीस, अशा बाबतीत समाजाच्या संस्थांनी काय करावे? एका विद्यार्थ्यास एक कोटी रुपये देणे कोणत्याही स्थानिक न्यासास झेपणारे नाही आणि ते न्याय्यही ठरणार नाही. परंतु त्या कोटीतील पहिला एक टक्का देणे सहज शक्य आहे. दहावीच्या मुलांची दृष्टी आणि रंगज्ञान यांची तपासणी, द्वितीय श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीचे शुल्क, भौतिकशास्त्र आणि गणित यांची शिकवणी, परीक्षेचे शुल्क, आणि करार वाचून दाखविण्यासाठी एक वकील व एक सनदी लेखापाल, एवढी व्यवस्था झाली, तरी अनेक घरे वाचतील. जो मुलगा या वाटेस योग्य नाही, त्याला ते काही हजारांत कळेल. घर गहाण पडल्यावर कळणार नाही. आणि जो योग्य आहे, तो केवळ माहितीअभावी मागे राहणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात सभागृहावर नावांच्या फलकांची भर पडेल, त्याबरोबर अशा एखाद्या निधीचाही विचार विश्वस्त मंडळाने अवश्य करावा, ही नम्र विनंती.

विद्यार्थी मित्रहो, अर्ज जरूर करा. आधी तपासणी करून घ्या, मग अभ्यास करा, मग करार वाचा आणि सही सर्वांत शेवटी करा. येत्या काही वर्षांत मनोर, पालघर किंवा बोईसर येथील एखादा मुलगा किंवा मुलगी मुंबईकडे विमान नेत असताना आपल्याच गावावरून बारा हजार फुटांवर जाईल. त्या वेळी त्या घरावर कर्ज असले तरी ते फेडता येण्याजोगे असावे आणि त्या मुलाने भरलेला प्रत्येक कागद खरा असावा, एवढीच सदिच्छा.